पूर्वेला समुद्र

सन एकोणीसशे पन्नास. मला सतरावं लागलेलं. शाळा सुटून बरीच वर्षं झाली होती, मिसरूड फुटलं होतं, आणि गोदावरीवरची नाव मी एकट्यानं ह्या काठाहून त्या काठाला न्यायला लागलो होतो. आमचं गाव घनसावंगीच्या खालच्या अंगाला, नदीच्या उत्तर काठावर. घर थेट घाटावर, दार उघडलं की पाणी. त्या घराचा आवाज म्हणजे हाकांचा आवाज. पलीकडून कुणीतरी हात तोंडाशी धरून "ओऽऽ नावऽऽ" करायचं, आणि माझी माय चुलीपुढून न उठता सांगायची कोण आहे ते. "बांगडीवाला हाय, त्यो थांबतो, भाकर खाऊन जा." नाहीतर, "लेकुरवाळी हाय, ऊठ जल्दी." ती कधी चुकली न्हाई. खायला ज्वारीची भाकर आणि लसणाचा ठेचा, जाळ्यात मासे आले तर येसराचं कालवण, पाणी उतरल्यावर वाळूतल्या वाडीतली वांगी. आम्ही गरीब होतो असं आज कुणी म्हणलं तर मला राग येतो. गावातल्या कुणालाही नदी ओलांडायची तर आमच्या घरच्या माणसाला हाक मारावी लागायची, आणि हाक मारून वाट बघावी लागायची. पाटलालासुद्धा.

आमच्या गावच्या शाळेला एकच मास्तर, करीम मास्तर. उंच, वाळकुंडे, पांढरी टोपी, आणि उन्हाळ्यातसुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. ते हैद्राबादच्या जुन्या राजवटीतले उर्दू मास्तर. माझ्या वेळी शाळेत सगळं उर्दूतूनच चालायचं. घरात मराठी, शाळेत उर्दू, आणि मी तिसरीपर्यंत शिकलो ते त्यांच्याकडं. बाळबोध अक्षरं मला आजोळी मामानं शिकवली, तो पोथी वाचायचा. एवढंच माझं शिक्षण, आणि एवढ्यावर मी आयुष्य काढलं. मास्तरांच्या बायकोला सगळं गाव बी म्हणायचं. त्यांना मूलबाळ नव्हतं. बी शुक्रवारी खिचडी आणि चिंचेचा खट्टा करायची, आणि एक वाडगा आमच्या घरी यायचाच. माय तो वाडगा रिकामा परत करायची न्हाई, मासे नाहीतर वाडीतली वांगी घालून पाठवायची.

त्याच्या दोन वर्षं आधी पोलीस ॲक्शन झाली, हैद्राबादचं राज्य भारतात गेलं, ते वर्ष आधी सांगायला पाहिजे, कारण आमच्या आरमाराचा जन्म तिथला. आधी एका बाजूच्या लोकांनी उच्छाद मांडला, मंग दुसऱ्या बाजूच्यांनी. कुणी काय केलं ते मी इथं लिहीत न्हाई, त्यातल्यांची नातवंडं माझ्या नातवंडांबरोबर शिकली. आमच्या गावात काही झालं न्हाई, पण आजूबाजूला झालं, आणि एका दुपारी माझा बाप, त्याला आम्ही आबा म्हणायचो, मास्तरांच्या दारात गेला आणि म्हणाला, "मास्तर, नावंत बसा." दोघांना उसाच्या पाचटाखाली झाकून आबानं नाव मधल्या बेटाला नेऊन लावली. बेट म्हणजे वाळूचा उंचवटा, चार बाभळी, बाकी लव्हाळं. वातावरण निवळेपर्यंत ती दोघं तिथं होती, आणि सोबतीला मी. बी बोलत नव्हती. मास्तर काठाकडं बघायचे आणि कोटाची बटणं काढायचे, लावायचे. मला त्यांच्या हातांकडं बघवेना, म्हणून मी विचारलं, "मास्तर, ही गंगा जाती कुठं?" आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. मास्तर म्हणाले, "समंदरला." मी म्हणलं, "मंग आपल्या राज्याला समुद्र कसा न्हाई?"

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. वर्गात ते असे बघायचे, कुणी बरोबर उत्तर दिलं की. म्हणाले, "होता. इंग्रजानं घेतला. अरे, आपला किनारा होता, बंदर होतं, मछलीपट्टण." मंग वाळूत बोटानं एक रेघ ओढली. आणि म्हणाले, "फर्ज करो, रंगनाथ. समज, की दिलाच न्हाई. आपल्या राजानं सांगितलं, डोंगर घ्या, जंगल घ्या, किनारा देत न्हाई. मंग?"

मंग काय, मंग सगळंच वेगळं. किनारा राहिला म्हणजे बंदर राहिलं, बंदर राहिलं म्हणजे जहाजं आली, जहाजं आली म्हणजे राज्य एकट्यानं उभं राहू शकतं, लहान असलं तरी. आणि जहाजावर माणसं लागतात. ती कुठून आणायची? मास्तरांनी क्षणभरही विचार केला न्हाई. "गोदावरीच्या नावाड्यांतून. पाणी दुसऱ्या कुणाला कळतं?" हे वाक्य मी अजून विसरलो न्हाई. आमच्या माणसाला शिवी घातल्याशिवाय हाक न मारणारे लोक मी पाहिलेत. मास्तरांच्या ह्या राज्यात आमचा माणूस कप्तान होता.

सगळ्यांत मोठं जहाज 'घनसावंगी', त्याचा कप्तान मी. दुसरं 'परतूर'. तिसरं 'वाटूर', ते नेहमी उशिरा पोचायचं, कारण वाटूरचे पाव्हणे आमच्याकडं प्रत्येक लग्नाला अक्षता पडल्यावरच यायचे. मास्तर स्वतः अमीर-ए-बहर, म्हणजे सगळ्या आरमाराचा मुख्य. बेटावर बसून आम्ही खलाशांना काय खायला द्यायचं ते ठरवलं, भाकर किती दिवस टिकते, ठेच्याला बुरशी लागती का. बी तिथं पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "भाकरी नको, रोट द्या, गुळाचे. महिनाभर टिकतात." झालं, बी आरमाराची भटारखाना-अधिकारी झाली. आणि एक गोष्ट सांगतो, ह्या आरमारानं कधी तोफ डागली न्हाई. मास्तर डागूच द्यायचे न्हाईत. त्यांच्या आरमाराचं काम एकच. कुठं काही पेटलं, की जहाजं पुराच्या पाण्यानं गोदावरीत वर चढायची, गावोगावच्या घाटाला लागायची, आणि जो भ्यालेला असेल त्याला वर घ्यायची. जात विचारायची न्हाई. मी एकदा म्हणलं, "मास्तर, पण एकदा तरी लढू द्या." तर ते म्हणाले, "लढणारे पुष्कळ आहेत, बाबा."

आम्ही दोघांनीही समुद्र पाहिलेला नव्हता. मास्तरांनी हैद्राबादचा मोठा तलाव पाहिला होता, त्यावर त्यांचं भागत होतं. मी पुढं म्हातारपणी मुंबईला पाहिला, पोरानं मुद्दाम नेलं. मला आवडला न्हाई. वास येतो, आणि पलीकडून कुणी हाक मारत न्हाई.

बेटावरून परत आल्यावर आरमार बंद पडेल असं मला वाटलं होतं. पण ते चालूच राहिलं, उलट वाढलं. पावसाळ्यात आमच्याकडं गुऱ्हाळातल्या गूळ शिजवायच्या मोठ्या लोखंडी काहिली नदीवर आणतात. नाव एका वेळी पुरत न्हाई, मंग दोन-चार माणसं काहिलीत बसवून वल्ह्यानं पार करायची. ती गोल, गरागरा फिरते, नवख्याला भोवळ येते. शाळेतली पोरं घाटावर आली की मास्तर काहिलीकडं बोट दाखवून म्हणायचे, "ते बघा, वाटूर आलं, उशिरा." पोरं खिदळायची. पाटलाची काहील 'परतूर' झाली. हळूहळू गावातल्या सगळ्या पोरांना जहाजांची नावं पाठ झाली, पाढ्यांच्या आधी.

मंग पन्नास साली सरकारी हुकूम आला. शाळा आता मराठीतून चालवायची. उर्दू मास्तरांना मराठीतून शिकवता आलं पाहिजे, शाळाखात्याचे साहेब येऊन बघतील, न जमल्यास नोकरी संपली. मास्तरांना मराठी कळायची सगळी, बाजारापुरती बोलायचेही, पण अक्षर एक येत नव्हतं, आणि वर्गासमोर उभं राहून सलग बोलणं तर न्हाईच. ते पन्नाशीचे. परभणीकडं भाऊ होता, त्याचं घर पोलीस ॲक्शनच्या वर्षात राहिलं नव्हतं, आणि भाऊही राहिला नव्हता. नोकरी गेली तर त्यांना आणि बीला जायला ह्या जगात एक दार नव्हतं. हे त्यांनी मला सांगितलं न्हाई. बीनं मायला सांगितलं, पाणी भरता भरता.

मी गेलो. म्हणलं, "मास्तर, अक्षरं मी शिकवतो." ते हसले. "तू? तिसरीतून पळालेला?" मी म्हणलं, "पळालो न्हाई, नाव चालवायला गेलो. आणि तुम्हाला दुसरं कोण शिकवणार हाय?"

दुपारी हाका कमी असायच्या तेव्हा आम्ही घाटाखालच्या ओल्या वाळूत बसायचो. मी काडीनं अक्षर काढायचो, ते त्यावर बोट फिरवायचे. पहिल्या पुस्तकातलं बदक आणि घर त्यांच्या डोक्यात शिरेना. शरमेनं शिरत नव्हतं. पन्नाशीचा माणूस, आयुष्यभर दुसऱ्याला छडी दाखवलेला, वाळूत बसून बदक लिहितोय, आणि धुणं धुणाऱ्या बाया बघतायत. एकदा तर गंगूकाकू धोपाटणं थांबवून म्हणाली, "अगं बया, मास्तरच नापास व्हायलाय जणू!" मास्तर उठून गेले. दोन दिवस आले न्हाईत. तिसऱ्या दिवशी मी बदक सोडून दिलं. वाळूत मोठ्या अक्षरात लिहिलं, घनसावंगी. म्हणलं, "वाचा, अमीरसाहेब. तुमचं जहाज हाय."

त्यांनी ते वाचलं. मंग वाटूर वाचलं, परतूर वाचलं. मंग बंदर, किनारा, खलाशी, वल्हं, शीड. त्यांना एकदम पालवी फुटल्यासारखं झालं. महिना-दीड महिन्यात ते वाळूत ओळी लिहायला लागले, आणि लिहिलेलं मोठ्यानं बोलायला लागले. "आपल्या राज्याच्या पूर्वेला समुद्र हाय. तिथं आपलं बंदर हाय." माझ्यासारखंच हाय आणि न्हाई म्हणायचे, कारण माझ्याकडूनच शिकले. खरा भूगोलही आम्ही केला. पश्चिमेला मुंबई, उत्तरेला मध्य प्रदेश, दक्षिणेला आणि पूर्वेला मद्रास. तो त्यांना पाठ होता. पण पाठ असणं आणि तोंडात असणं यात फरक असतो.

माझी नात जालन्याला कचेरीत नोकरी करते, हे प्रकरण तिला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही त्यांना पुस्तकातलंच शिकवायला पाहिजे होतं." गावातही असंच म्हणतात, रंग्यानं मास्तराची नोकरी घालवली. म्हणू द्या. पुस्तकातल्यानं त्यांना एक अक्षर आलं नसतं. मी तेव्हा मानलं न्हाई, आज मानत न्हाई.

साहेब आले ते बैलगाडीतून, थंडीच्या दिवसांत, सकाळच्या उन्हात. तरुण होते, पुण्याकडचे असावेत, बोलणं स्वच्छ, वागणं वाईट न्हाई. हे मी मुद्दाम लिहितो, कारण गावानं नंतर त्यांना राक्षस केलं. त्यांनी पोरांना चिवडा दिला. शाळा म्हणजे एक खोली, मास्तरांच्या घराला लागून, मधे एकच भिंत. पाटील खुर्चीत, आबा दारात, आणि मी पोरांच्या मागं सतरंजीवर, मास्तरांनीच बसवलं होतं. म्हणाले होते, "तू समोर असलास की शब्द येतात."

साहेब म्हणाले, "मास्तर, मुलांना आपल्या राज्याच्या चतुःसीमा समजावून सांगा. घाई नाही."

मास्तर उभे राहिले. कोटाची बटणं चाचपली. "आपल्या राज्याच्या... पश्चिमेला... मुंबई हाय." साहेबांच्या ओठांवर हसू आलं, पण त्यांनी मान हलवली, चालू द्या. "उत्तरेला मध्य प्रदेश हाय." मास्तरांच्या कपाळावर घाम. थांबले. पोरं बघतायत. आबा दारात पुटपुटला, "म्हणा, म्हणा पुढं." मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. आणि म्हणाले, "पूर्वेला समुद्र हाय."

मी मान जोरात हलवली, न्हाई म्हणून. त्यांना ते दिसलं न्हाई. कारण एकदा तो शब्द तोंडातून निघाला आणि त्याच्या मागं सगळी मराठी आली, एक शब्द अडखळला न्हाई. "समुद्राच्या काठाला आपलं मोठं बंदर हाय. मछलीपट्टण. तिथं आपलं आरमार उभं राहतं. खलाशी सगळे गोदावरीचे हायेत. ते शूर हायेत, पण ते लढत न्हाईत. पूर आला की जहाजं वर येतात..." त्यांचा आवाज मोठा झाला होता, हात बटणांवरून सुटले होते, चेहरा असा झाला होता की मी मान हलवायची थांबलो. इतकी सुंदर मराठी आमच्या शाळेत त्याआधी कुणी बोललं नव्हतं, आणि नंतरही मी ऐकली न्हाई.

साहेबांना आधी वाटलं की ही गोष्ट आहे, मुलांना रमवायला. त्यांनी पहिल्या रांगेतल्या पोराला कौतुकानं विचारलं, "काय रे, कुठली जहाजं?" आणि सगळी शाळा एका सुरात ओरडली, "घनसावंगी! परतूर! वाटूर!" आणि एक पोरगं एकटंच शेवटी, "वाटूर उशिरा येतं, सायेब!"

साहेबांचं हसू गेलं. "मास्तर," ते म्हणाले, "हे कुठल्या राज्याचं आरमार?"

मास्तर अजून समुद्रावरच होते. "आपल्या," ते म्हणाले.

"आपलं राज्य भारतात सामील होऊन दोन वर्षं झाली. तुम्ही या मुलांना अजून तो वेगळा देश म्हणून शिकवताय?"

मास्तर जमिनीवर आले. तोंड उघडलं, पण मराठी गेली होती. "नै साब... वो तो... खेल है..." पाटील घाईघाईनं म्हणाला, "साहेब, बिलकुल साधा माणूस हाय, गंमत करतो पोरांची." मी उभा राहिलो. म्हणलं, "मी शिकवलंय त्यांना. मराठी मी शिकवली. त्यात एक चूक दाखवा."

"तू कोण?"

"नावाड्याचा."

साहेबांनी माझ्याकडं, मंग मास्तरांकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. त्यांना कीव आली होती. ते म्हणाले, "मी आज घनसावंगीला मुक्कामाला आहे. उद्या दुपारी परत इकडून जाईन, तेव्हा मुलांना पुन्हा विचारीन. मुलांनी बरोबर सांगितलं तर बघू." गाडीत बसताना ते पाटलाला हळूच काय म्हणाले ते आबानं ऐकलं होतं, पण त्या दिवशी आम्हाला सांगितलं न्हाई. साहेब म्हणाले होते, "माझा शेरा ठरलाय, पण म्हाताऱ्याला तोंडावर कसं सांगायचं?" पुढं नोकरी संपल्याचा हुकूम आला आणि मास्तर नि बी कुठं गेली, कुणी हैद्राबाद म्हणालं, कुणी त्याच्याही पलीकडं. मला पत्ता लागला न्हाई. मी शोधला.

पण त्या दिवशी मला हे काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं, उद्या दुपार. संध्याकाळी मायनं कालवण पाठवलं, ते बीनं तसंच परत दिलं. दिलेलं न खाता परत यायची ती पहिलीच वेळ. मास्तर खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी दारातून म्हणलं, "मास्तर, उद्या सकाळी पोरांकडून खऱ्या चतुःसीमा घोकून घ्या, झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबाला सांगितलं, नाव तू बघ. आणि शाळा उघडली. पोरं जमली. मास्तर आले न्हाईत. मी त्यांच्या जागी उभा राहिलो, अनवाणी, आणि म्हणलं, "म्हणा माझ्यामागं. आपल्या राज्याच्या पूर्वेला मद्रास आहे." पोरांनी म्हणलं. "आपल्या राज्याला समुद्र नाही." पोरं गप्प. पहिल्या रांगेतलं ते पोरगं म्हणालं, "मंग जहाजं?"

"न्हाईत," मी म्हणलं. "कधीच नव्हती. म्हणा."

त्यांनी म्हणलं. पुन्हा म्हणलं. भिंतीपलीकडून मास्तरांचा आवाज यायला लागला. ते रडत होते, आणि पोरांना कळायच्या आत मी त्यांना सांगितलं, अजून मोठ्यानं म्हणा.